गुडघ्यामागचा तिरका चौकोन

फिलीपो : ...आणि शेवटचं वाक्य ऐक, लेनाताई. 'या व्हिडिओ गेमवाल्यांनी आपल्या सामोअन बायकांचं गोंदण उचललं आणि एका दाढीवाल्या गड्याच्या मांड्यांवर नेऊन चिकटवलं. आपल्याकडचं शेंबडं पोरही अशी चूक करणार नाही.' कसं वाटतं?

लेना : अकराला लाइव्ह आहेस ना तू?

फिलीपो : चाळीस मिनिटं आहेत अजून. आपलं अख्खं मांगेरे उपनगर रेडिओला कान लावून बसणार बघ आज.

लेना : आज सिनेमावर बोल ना त्यापेक्षा.

फिलीपो : आपल्यावरच्या सिनेमांत काय आहे? समुद्र निळा, बायका हसऱ्या, खलनायक माझ्यासारखा जाडा. ते दर शनिवारी असतं. हे वेगळं आहे, ताई. हे पोरं खेळतायत. चर्चच्या मागे, शाळेच्या बसमध्ये. आपल्या बायका नाचताना कमरेचं लावालावा बोटभर वर उचलतात, तेवढंच दिसायचं असतं ते! आणि चोरलं ते चोरलं, धड काढता तरी यावं की नाही लेकाच्यांना? डाव्या गुडघ्यामागचा चौकोन बघ. तिरका! एक रेघ सरळ मारता आली नाही.

लेना : ती रेघ त्यांनी चुकवलेली नाही.

फिलीपो : मग कुणी?

लेना : ती आईची रेघ आहे.

फिलीपो : ...काय बोलतेस तू?

लेना : माझ्या पदवीच्या दिवशी आई नाचली होती, तो फोटो. मीच दिला आमच्या कंपनीत, हा गेम बनवताना. आधी त्या गेममध्ये बाई होती रे, लढणारी. मीच भांडून घ्यायला लावली होती. चित्रकारांना म्हटलं, मनानं काही काढू नका, हे घ्या, हे खरं आहे.

फिलीपो : आईचा फोटो. ऑफिसात. सगळ्यांसमोर.

लेना : तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. वाटलं, कुठेतरी राहील ती. मग वरून कुणीतरी म्हणालं, बाई खपत नाही. बाईचा गडी केला, पाय तेच ठेवले.

फिलीपो : तुला कधी कळलं हे?

लेना : ऑगस्टमध्ये.

फिलीपो : आता जानेवारी चालू आहे! पाच महिने मूग गिळून बसलीस?

लेना : एकदा बोलले. म्हणाले, आता उशीर झालाय. मग घाबरले. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही कारण नाही. तुझ्याशी कशाला खोटं बोलू?

फिलीपो : आणि मी इथे बसून आईच्या रेघेला नावं ठेवतोय. शी!

लेना : ती तिरकी का झाली, ठाऊक आहे ना? आई आणि पेपे मावशीनं जोडीनं गोंदवून घेतलं होतं. आईची रेघ ओढत असताना मावशी काहीतरी बोलली, आई फिसकन हसली आणि पाय हलला.

फिलीपो : आणि मावशी दर शनिवारी चर्चच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत माझा कार्यक्रम ऐकते.

लेना : तू तिरका चौकोन म्हणालास की तिला कळणार. रेडिओवरून कळणार, फिलीपो. तिच्या बहिणीचं.

फिलीपो : मग काय, गप्प बसू? त्या कंपनीला असंच सोडून देऊ?

लेना : नको. सगळं बोल, माझं नाव घेऊन बोल. फक्त आधी मला तिच्याकडे जाऊ दे.

फिलीपो : जाऊन सांगणार काय?

लेना : गाडीत आईची चटई ठेवलीये.

फिलीपो : लग्नातली? डोक्यावर घेऊन बसणार तू? अगं, खून झाला, कुणी गाडीखाली गेलं, तर एका घरानं दुसऱ्या घराची माफी मागायला तसं बसतात. मावशी आपल्या घरातली आहे!

लेना : मला दुसरं काही सुचत नाही.

फिलीपो : आणि माफ करून तिनं चटई उचललीच नाही तर?

लेना : तर बसून राहीन.

फिलीपो : ...ए तोमासी! अकराला माझ्या जागी गाणी लाव. हो, पूर्ण तास! सांग लोकांना, फिलीपोचा घसा बसला. चल, ताई. एकटी नाही बसायचीस तू तिथे. भाऊ आहे मी तुझा.

(पेपे मावशीचं अंगण. दुपारचा एक वाजून गेलाय. गवतावर एकच बारीक विणीची चटई आणि तिच्याखाली दोघं. मावशी व्हरांड्यात उभी, हाताची घडी काही सुटत नाही.)

मावशी : शेजारचे टोंगा बेटावाले कुंपणावरून बघतायत. लाज वाटते का जराशी?

फिलीपो : मावशी, चूक आमची—

मावशी : तू गप रे! दोन तास चटईखालून तुझीच टकळी चालू आहे. तिला बोलू दे.

लेना : आईचा फोटो मी दिला. तुला न विचारता. आणि नंतर गप्प राहिले.

मावशी : ते ऐकलं मी. ऑगस्टमध्येच माझ्याकडे का आली नाहीस, ते सांग.

लेना : तू तोंड फिरवशील म्हणून. आई गेली. आता तूच आहेस.

मावशी : पाच दिवस एकमेकींचा हात धरून सोसलंय आम्ही. सुजलेल्या पायांनी रडलोय. नाचताना दिसलं तेवढंच जगानं बघितलं. तिचं तिच्याबरोबर मातीत गेलं, माझं माझ्याबरोबर जाईल, असं धरून चालले होते मी. आणि आता बोटानं फिरवून फिरवून बघतायत पोरं!

लेना : हो.

मावशी : हो काय, हो! ...दाखव.

फिलीपो : काय?

मावशी : तो गडी. फोन आहे ना खिशात? काढ हात बाहेर. नीट धर. आता पाठमोरा कर त्याला.

फिलीपो : हा बघ.

मावशी : ...तस्साच आहे. वाकडा.

लेना : मावशी, काय म्हणाली होतीस गं तू तेव्हा? आईनं कधी सांगितलं नाही.

मावशी : गोंदणाऱ्या म्हाताऱ्याच्या नाकातल्या केसांबद्दल बोलले होते. त्यानं ऐकलं ना! पुढचे तीन दिवस माझ्या पायांवर सूड उगवला मेल्यानं. ए, हसतोस काय? मी माफ केलेलं नाहीये अजून.

लेना : नको करूस.

मावशी : मला नको शिकवूस. सोमवारी त्या ऑफिसात कोण जाणार आहे?

लेना : मी.

मावशी : आपण दोघी. तू बोलायचं, मी मागे उभी राहीन. आणि हा पुढच्या शनिवारी सगळं सांगेल रेडिओवर. नाकातले केस सोडून.

फिलीपो : बरं, मावशी.

मावशी : ऊन किती चढलंय. घामानं भिजेल ती चटई, तुमच्या आईची आहे.

लेना : आम्हाला नाही काढता येत, मावशी.

मावशी : कुणी काढायची ते मला ठाऊक आहे. थांबा जरा. गुडघे धरलेत, पायऱ्या उतरायला वेळ लागतो मला.