तिसऱ्या हाकेनंतर

मंजुषा : पायाला मुंग्या येतात का अजून?

फुलाबाई : मुंग्यांचं सोडा, त्या जातील आपोआप. तुमी आधी खुर्चीत बसा म्याडम. अशा उभ्या राहून माझ्याशी बोलू नका.

मंजुषा : बसायला वेळ कुठाय फुलाबाई? साडेआठ वाजलेत. चारला कंटेनर दाराशी लागणार, आणि तुमच्या तीस बायका बाहेर निंबाखाली फतकल मारून बसल्यात. आठशे क्रेट द्राक्षं टेबलाशी पडून आहेत. उन्हं वर आली की देठ सुकायला लागतील. मॅनेजर म्हणून मी शेखररावांना काय सांगू?

फुलाबाई : खरं हाय ते सांगा. मालकाला काय, समजंल त्यांना.

मंजुषा : काल झालं ते वाईट झालं. मी माफी मागितली. तुम्हाला दवाखान्यात मीच घेऊन गेले. आठ दिवस घरी राहा म्हटलं, भरपगारी. तरी तुम्ही आज सकाळी हजर, आणि सगळ्या बायकांना घेऊन बसलात. काय पाहिजे तुम्हाला? हजेरी वाढवून पाहिजे?

फुलाबाई : हजेरीचं कुनी काढलं? बायका म्हनत्यात, म्याडम झोपल्याबगर आमी कात्री उचलनार नाय.

मंजुषा : काय म्हणतात?

फुलाबाई : झोप म्हनत्यात. डोळे मिटून, चार तास. मागल्या खोलीत वाचमनची खाट हाय. नवसाबाईनं घरून चादर आनलीय, धुतलेली.

मंजुषा : ही थट्टा करायची वेळ आहे का?

फुलाबाई : थट्टा करायला म्या काल पंचवीस मिनिटं त्या थंड खोलीत बसले व्हय?

मंजुषा : तसं नाही म्हणत मी. सीझन संपू दे, मग झोपेन की. पंधरा दिवस राहिलेत.

फुलाबाई : मागल्या शिमग्यालाबी हेच बोलल्या. संक्रांतीपास्नं तुमी एक रविवार घरी नाय. मणी तुमी बघायचे, काट्यावर तुमी उभं राहायचं, पेट्यांना चिकटपट्टीबी तुमीच मारायची. दुपारचा डबा सांजंला उघडता, वास घेता आन तसाच घरी न्हेता. परवा तुमच्या पूजाचा फोन आला. पोरगी काय बोलली ठाऊक नाय, तुमी तिला इचारलं, "कोणत्या गावचा माल?"

मंजुषा : कामात होते मी.

फुलाबाई : आमी हसलो तवा. आता हसू येत नाय. बरं, मला एक सांगा. काल मला आत कुनी पाठवलं?

मंजुषा : कुणी म्हणजे? तुम्हीच गेलात. न सांगता.

फुलाबाई : म्याडम, माझ्याकडं बघा. तुमी पाठवलं. ह्याच दारात उभ्या राहून म्हनल्या, "फुलाबाई, मागच्या थप्पीच्या पेट्यांवरची तारीख बघून या, मला शंका आहे." चार बायका व्हत्या तिथं.

मंजुषा : मी म्हटलं असं?

फुलाबाई : नवसाबाईला बोलवू?

मंजुषा : नको. थांबा. मला काहीच आठवत नाहीये.

फुलाबाई : आन दार लावायच्या आधी तुमी हाका मारल्या. तीन. आपल्या रिवाजापरमानं. "आत कोण आहे?" तीनदा. आन म्या ओ दिली. तीनदा दिली. मागल्या थप्पीपास्नं वरडून दिली.

मंजुषा : पंख्यांच्या आवाजात...

फुलाबाई : दार उघडं व्हतं तवर. नवसाबाईनं तिकडं टेबलाशी ऐकली माझी ओ. दार तुमच्या हातात, आन तुमाला नाय ऐकू आली. मंग धाडकन लागलं, कुलूप पडलं. आतनं दार उघडायची कडी तर आठ दिसापास्नं तुटलेली.

मंजुषा : नवसाबाईनं ऐकलं, मग बोलली का नाही ती?

फुलाबाई : हेच म्या काल इचारलं तिला. लय रडली. म्हनली, म्याडम करतात ते कळूनच करत असतील, आपुन कोन मधी बोलनार. मागं एकदा बोलली तर तुमी म्हनला व्हता, "तुझं टेबल सांभाळ." ती टेबल सांभाळत बसली, म्या आत थप्पीमागं हात काखंत घालून बसले. खोटं नाय सांगत तुमाला, डोळा लागला तर उठायची नाय ह्या भ्यानं म्या आमच्या समद्या नातवंडांची नावं घेत व्हते. सात नावं. सारखी तीच.

मंजुषा : फुलाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही चिडाल.

फुलाबाई : सांगा.

मंजुषा : काल रात्री मी रिपोर्ट लिहिला. सकाळी मुंबईला शेखररावांना फॅक्स केला. त्यात लिहिलंय, कामगार न सांगता आत गेली होती. नियमाप्रमाणे तीन वेळा हाक मारली, आतून उत्तर आलं नाही.

फुलाबाई : असं लिवलं तुमी?

मंजुषा : मला तसंच वाटलं होतं.

फुलाबाई : वाटलं, का तसं असलेलं बरं व्हतं?

मंजुषा : खरं सांगू? मला हाका मारल्याचंसुद्धा आठवत नाही. रोज मारते, म्हणून कालही मारल्या असतील, असं धरून लिहिलं. परवा गाडीवरून घरी जात होते. इथून निघाल्याचं आठवतं, आणि एकदम घराचा जिना. मधलं म्हसरूळ, पंचवटी, पूल, सिग्नल, काही नाही. जिन्यात उभी राहून मी गाडीची किल्ली हातात आहे का ते बघत होते. तेव्हा घाबरले होते. सकाळी उठून परत इथं आले.

फुलाबाई : म्हंजी म्या मुकी व्हते आन घुसखोर व्हते. उद्या मालक म्हनंल, ह्या बाईला काढा. बारा वर्सं म्या हितं टेबल बघती. समद्या पोरींना कात्री धरायला म्या शिकवलं, तुमालाबी शिकवलं. मालाला बोट लागू द्यायचं नाय, घड देठानं धरायचा.

मंजुषा : तुम्हीच शिकवलंत.

फुलाबाई : आन मला मुकी केलं.

सोमा : म्याडम, येऊ का आत? थंड खोलीचं रीडिंग घ्यायचं राहिलंय. किल्ली पायजे.

मंजुषा : मी येते, थांब. मी घेते रीडिंग.

फुलाबाई : सोमा, तू ये आत. हुबा रहा हितं. काल म्याडमला किल्ली मागितली तवा काय झालं ते सांग.

सोमा : राहू द्या ना मावशे.

मंजुषा : सांग सोमा.

सोमा : नवसाबाई मला म्हनली, फुलामावशी दिसत नाय अजून. म्या तुमच्याकडं आलो, किल्ली द्या म्हनलो. तुमी म्हनला, "मघाशीच रीडिंग घेतलंय, जा." म्या परत मागितली. तुमी कागदातनं मान वर केली नाय. मंग म्या तुमच्या कमरंची किल्ली वढून घेतली. त्याबद्दल माफ करा.

मंजुषा : माफ तू कर. आतली कडी तुटलीय हे तू मला सांगितलं होतंस?

सोमा : तीनदा. तुमी म्हनला, मिस्त्रीला मीच बोलावते, तू मधी पडू नको.

फुलाबाई : ऐका आता. किल्ली आधी कुनाकडं असायची? ह्याच्याकडं. दोन हजार एकच्या सीझनला तुमच्या वडलांना दवाखान्यात ठेवलं, तुमी दोन दिवस इगतपुरीला गेल्या. ह्याच्या हातनं दार अर्धा तास उघडं राहिलं.

मंजुषा : अख्खा कंटेनर गेला होता फुलाबाई. जहाज परदेशी बंदराला लागेपर्यंत मालाला बुरशी. शेखरराव सगळ्यांसमोर मला म्हणाले, तुमच्या भरवशावर ठेवलं होतं. त्या दिवशी ठरवलं, आता कुणाच्या भरवशावर काही ठेवायचं नाही.

फुलाबाई : खरं हाय. पन त्या दिशी सोमानं काय केलं? कुनी इचारायच्या आधी तुमच्या पुढ्यात आला आन म्हनला, दार माझ्यानं उघडं राहिलं. तरी तुमी त्याची किल्ली काढली. काढा, तुमी मोठ्या. मंग आता तुमची कुनी काढायची?

सोमा : मावशे, जाऊ द्या.

फुलाबाई : नाय जाऊ देनार. माझा बाप पुंजा चांदवडकडं विहिरी फोडायचा. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी तीन हाका. म्याच ती पद्धत हितं आनली, थंड खोलीला. पन बाप तिसऱ्या हाकंनंतर थांबायचा. एक बिडी ओढून व्हईल एवढा. लोक म्हनायचे, हाका मारल्या ना, दे बत्ती. तो म्हनायचा, हाक आपल्यासाठी नसती, आतल्यासाठी असती. आन थकल्या मानसाला तो बत्ती हातात धरू द्यायचा नाय. म्हनायचा, पिऊन आलेला एक डाव परवडला, त्याच्यावर समद्यांची नजर असती. थकलेल्यावर कुनाचीच नजर नसती. त्याला सोताला तर आपुन थकलोय हेच ठावं नसतं.

मंजुषा : मी थांबले तर हे सगळं कोसळेल असं वाटतं मला. रोज वाटतं.

फुलाबाई : दरसाल छाटणी झाली की बांधावर उभं राहून तुमीच शेतकऱ्यांना सांगता, वेलीवर इतकेच घड ठेवा, हाव करू नका.

मंजुषा : ते वेलीचं झालं.

फुलाबाई : वेलीला बोलता येत नाय म्हनून दुसऱ्यानं कापायचं. तुमाला बोलता येतं की.

सोमा : म्याडम, फोन वाजतोय. मुंबईचा असंल.

फुलाबाई : उचला. आमी बाहेर जातो.

मंजुषा : नको. दोघंही इथंच थांबा. हॅलो? हो सर, मंजुषा बोलतेय. हो, फॅक्स मीच केला. नाही सर, काम सुरू नाही झालेलं. बायका बाहेर बसल्यात. नाही, पैशाचं नाही. सर, त्यांचं म्हणणं आहे मी झोपावं. हो, मी. नाही सर, मी शुद्धीवर आहे. म्हणजे तेवढी आहे. सर, एक मिनिट ऐकून घ्या. रिपोर्टमधल्या दोन ओळी खोट्या आहेत. फुलाबाईंना आत मी पाठवलं होतं. हाकेला त्यांनी ओ दिली होती, दुसऱ्या बाईनं ती ऐकली, मी ऐकली नाही. आणि आतली कडी आठ दिवस तुटलेली होती, ती माझ्यामुळं राहिली. हो सर. हो. कळतंय मला. सीझननंतर काय करायचं ते तुम्ही ठरवा. नवीन फॅक्स आत्ता करते. किल्ली? नाही, माझ्याकडे नाही राहणार. सोमाकडे. हो, तोच सोमा. सर, त्या वेळी त्यानं स्वतः येऊन कबूल केलं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ठेवते.

सोमा : काय म्हनले मालक?

मंजुषा : एप्रिलमध्ये माझ्याशी बोलणार आहेत. नोकरी राहील न राहील. ही घे किल्ली. अरे, घे ना.

सोमा : घेतो म्याडम.

मंजुषा : मिस्त्रीला बोलाव. तू बोलाव, मी नाही. कडी बसेपर्यंत आत कुणी एकटं जायचं नाही. वजनाला नवसाबाईला उभी कर. फुलाबाई, तुमचं नाव मी लाल शाईनं लिहिलं होतं रिपोर्टात. का, ते मला सांगता येत नाही. लाज वाटतेय मला.

फुलाबाई : वाटू द्या. लाज वाटली म्हंजी मानूस जागं हाय. आधी तो दुसरा कागद लिवा, मला वाचून दाखवा, मंग झोपा.

मंजुषा : आणि माल? आठशे क्रेट?

फुलाबाई : तुमचा डोळा लागंस्तोवर कात्र्या सुरू झालेल्या असतील. आवाज येईल तुमाला. तीस कात्र्यांचा आवाज काय कमी असतो?

मंजुषा : काही अडलं तर उठवा.

फुलाबाई : नाय उठवनार.

(दुपारचा एक वाजलाय. मागच्या खोलीत खाटेवर मंजुषा. भिंतीपलीकडं थंड खोलीचं दार.)

सोमा : आत कोन हाय का?

फुलाबाई : सोमा, हळू. म्याडम झोपल्यात पलीकडं.

सोमा : हळू हाक मारून कसं चालंल मावशे?

फुलाबाई : तेबी खरंच. मार मंग.

सोमा : कोन हाय का आत?

फुलाबाई : आता तिसरी. जोरात.

सोमा : आत कोन हाय का?

मंजुषा : ओ...

फुलाबाई : म्याडम? तुमी कुठं हायत?

मंजुषा : बाहेर. मी बाहेरच आहे. लाव दार, सोमा.

फुलाबाई : झोपा तुमी. आमी अजून थांबलोय.