जपानात कोणाला काय आवडतं

—घ्या हो मामा, लाजता काय, तंगडी पावन्याचीच असते आमच्यात— एक तुमाला, एक आमच्या पोराला, मुकेशला, पद्धतच हाय घरातली— आणि फोनचं म्हणाल तर येईल, आताच येईल. तिकडे जपानात संध्याकाळ झाली असेल, ड्युटी सुटली की आमची संध्या पहिला फोन बापाला करते. तुमी शहापूरवरून, किन्हवलीला जीप बदलत, भाच्यासाठी पोरगी बघायला आलात आणि पोरगी फोनमध्ये— मला कळतं, अवघड वाटतं. पण आता जमानाच तसा हाय. तो फोन बघा, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलाय, तिथंच रेंज येते, पोरगी एकदम समोर बसल्यासारखी दिसेल. मुरबाडला रेल्वे आली नाय अजून, पण जपान आलं! बसा निवांत. तो पाट तुमच्यासाठीच काढलाय.

काम काय करते? वृद्धाश्रमात हाय. म्हाताऱ्यांना भरवायचं, उठवायचं, बसवायचं— हलकं काम? हलकं कसं, मामा! कोर्स केलाय त्याचा, त्यांची भाषा शिकली, परीक्षा पास झाली, तिकडं लोकं वाकून नमस्कार करतात तिला. आणि मी भातसानगरला धरणावर होतो, अख्खी मुंबई आमच्या हातचं पाणी प्याली, तर मला कोण वाकलं? सांगा. आणि मेन गोष्ट अशी की पोरगी फेमस हाय. व्हिडीओ करते. मोबाईल धरते आणि ज्याला त्याला दोनच प्रश्न विचारते— तुमचा आवडता पदार्थ कोणता आणि आवडता शब्द कोणता. झालं. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना— रीतसर हां, घरच्यांची परवानगी घेऊन. मला सगळे पाठ झालेत. विचारा कोणाचं पण. साकागुची आजोबा, नव्वदीच्या पुढचे— त्यांना भाजलेली वाम मासळी आवडते, वरून गोड रस चोपडतात म्हणे, आणि शब्द? बियर. त्यांचा पणतू, पहिलीतला— करी आणि भात, आणि शब्द— जाऊ द्या, तुमी जेवताय, लहान पोरांना जो शब्द बोलून हसू येतं ना, तोच. तिथली स्वयंपाकीण, आमच्या बायकोच्या, गीताच्या वयाची— तिचा शब्द ‘अर्ध्या किमतीत’. संध्याकाळी दुकानात उरलेल्या डब्यांवर तशी चिठ्ठी लावतात, ती दिसली की बाईचा जीव हरखतो. आणि संध्याबरोबर कामाला एक तरणा पोरगा हाय, त्याला तळलेलं कोंबडं आणि शब्द ‘सुट्टी’— नाय नाय मामा, तसला काय विषय नाय, नुसता बरोबर कामाला हाय तो.

हसू नका, यावरून आमची गावात फजिती झालेली. मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश, तिथली माणसं कशी असतील— शांत, मोजकं खाणारी, मोजकं बोलणारी. बुद्धपौर्णिमेला अध्यक्षांना बोललो, विहारात पडदा लावा, माझी पोरगी विचारेल आणि तिकडून एकेक वचन येईल, करुणा, मैत्री, शील. खिरीच्या आधी लावला पडदा. मराठीत सांगायला आमच्या शेजारची संघरत्ना, ती कल्याणला जपानी शिकायला जाते. पांढरे कपडे घालून सगळी बाया-माणसं हात जोडून बसलेली आणि पहिलाच म्हातारा— बियर! आणि ती संघरत्ना, इमानदारीत सांगून मोकळी. मी खुणा करतोय, गो, काय तरी करुणा-बिरुणा सांग— नाय. मग आला तो पहिलीतला पोरगा. मागची पोरं हसून लोळली. अध्यक्ष बोलले, बुधाजी, हे काय लावलंस? मी बोललो, साहेब, त्यांच्यात शब्द साधा असतो, अर्थ खोल असतो. दुसरं काय बोलणार! ते अजून माझ्याशी धड बोलत नाय.

नोकरी ना? सोडेल की! तुमच्या भाच्याची, इंद्रजीतची पक्की नोकरी असताना तिला काय गरज? लग्न ठरलं की सोडेल— म्हणजे तिला तसं बोललो नाय अजून. म्हणजे— स्थळाचंच बोललो नाय. तिला सांगितलंय शहापूरचे एक मामा तुझे व्हिडीओ आवडीनं बघतात, त्यांना तुझ्याशी दोन शब्द बोलायचेत. खोटं कसं होईल ते? आज बघालच ना तुमी! आणि पोरगी ऐकण्यातली हाय, त्याची चिंता सोडा. तिचा स्वभाव सांगतो, म्हणजे तुमाला कल्पना येईल. या घरात तिनं ताटात वाढलेलं संपवून कधी परत मागितलं नाय. रविवारी कोंबडं व्हायचं— एक तंगडी मुकेशला, दुसरी पावना असला तर पावन्याला, नसला तर मला, आणि तिला रस्सा-भात. तोंडातून शब्द नाय. मुकेशचं वेगळं, पीस बारका आला की ताट सरकवायचा. ही आपली चाटूनपुसून खायची आणि सगळ्यांची ताटं उचलून न्यायची. दिवा लावून शोधलंत तरी अशी पोरगी मिळायची नाय.

काय बोललात? तिला काय आवडतं? कोणाला— संध्याला? सांगतो की. संध्याला— साकागुची आजोबांना वाम, ते झालं— संध्याला आपली— गीता! गो, आपल्या संध्याला खायला काय आवडतं? ...‘तुमाला ठाऊक नाय?’ असं काय बोलतेस पावन्यासमोर! ठाऊक हाय मला, तू बोलावंस म्हणून विचारलं. रस्सा. रस्सा आवडतो तिला. लहानपणापासून तोच खात आली, मग तोच आवडत असणार ना?

आता तसं— मागच्या व्हिडीओत एक झालं. सातो आजी म्हणून हाय तिकडं, दात नाय एक पण, ती उलट आमच्या संध्यालाच विचारते, आणि तुझं काय गो पोरी? संध्या हसली आणि जपानीत काय तरी बोलली. मी संघरत्नाला गाठलं. ती सांगायला तयार नाय, बोलते, काका, मी काकूला सांगते. मी बोललो, बाप मी हाय, मला सांग. तर बोलली— पदार्थ, कोंबडीची तंगडी. आणि शब्द, ओकावारी. ऐकायला कसंतरीच वाटतो ना? पण अर्थ असा हाय, ‘अजून वाढा’. ताट रिकामं झालं की तिकडं ते पुढं करून असं बोलतात म्हणे, आणि वाढणाराला त्याचा राग येत नाय, उलट बरं वाटतं. मी बोललो, संघरत्ना, तुझं जपानी कच्चं हाय अजून. आमची संध्या आणि अजून वाढा? काय तरीच!

पण तो व्हिडीओ मी बघतो हां मामा. परत परत बघतो. तो शब्द बोलताना तिचं तोंड असं फुलतं— या घरात मी तिला तसं हसताना बघितलं नाय. वाईट वाटतं. म्हणजे वाईट कशाला, मी काय कधी तिला ‘नाय’ बोललो नाय, तिनं मागितलंच नाय ना! मागितलं असतं तर दिली असती. दिली असती की. एखाद्या रविवारी... मुकेश बाहेर गेलेला असता तर...

काय? अशीच पाहिजे? ...हां. ...हां, तुमच्या घरात पण बाया शेवटी जेवतात. ...सुनेनं आवाज करू नये, बरोबर. ...न मागणारी पोरगी म्हणजे घराचं सोनं. ...नाय नाय, ऐकतोय मी. तुमी काय वेगळं बोलत नाय, मघापासून मीच तुमाला तेच तर विकतोय. ...दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं ना, की जरा कसंतरी होतं.

गीता, पातेल्यात काय उरलंय गो? ...तेवढंच? ...ये बाहेर. ये, बस इथं. मामा काय नाय बोलत, बस बोलतोय ना!

मामा, भात? नको? हात धुवून घ्या मग. मुकेश, मामांना पाणी दे. जीपचं कसं हाय, दुपारची एक भरली की मग उशिरापर्यंत मिळत नाय, तुमी आताच निघालात तर बरं. ...राग? राग कसला येईल पावन्याचा! इंद्रजीत सोन्यासारखा पोरगा हाय, त्याला मिळेल कोण पण. आमची पोरगी कामात हाय हो. तिला टाइम नाय.

वाजला! —थांबा, तुमी पुढं नका येऊ. जरा बाजूला व्हा, अजून बाजूला, तिकडं भिंतीशी— हां, संध्या! दिसतेस दिसतेस, तू दिसतेस मला. ...जेवतेस काय? जेव, जेव, घाई नको करू, मी हाय फोनवर. ही बघ, आई पण जेवायला बसतेय. ...काय? कुठले मामा? ...अच्छा, ते शहापूरचे.

आले होते गो. गेले.