दादाच्या पानावरची क्वार्टर

परवाचंच सांगतो, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. दारूनं लिव्हर खराब होऊन आमचा दादा गेला. रिठद गावी त्याच्या तेरवीला आवडीचे पदार्थ वाढून त्याच्या नावाचं पान ठेवलं, तर त्याचा दोस्त गजानन त्या पानावर क्वार्टर ठेवायला लागला.

"हे काय करून राह्यला तू?" मी विचारलं.

"त्याले आवडत होती ना भाऊ! नाही ठेवली तर जीव अडकन त्याचा."

बसलेले पाहुणेही होकारार्थी माना हलवत होते. वहिनी उठली, बाटली उचलून तिनं गजाननच्या हातात दिली.

"त्यायले आवडत नव्हती, गजाननभाऊ, सुटत नव्हती. डॉक्टरनं सांगतल्यावर कशीबशी सोडली, तवापासून तुमी आमच्या घरी एकदाही चहा प्याले आले नाही."