मामांनी माझे ढग बुजवले

...आणि वर म्हणतात, उपकार केले! तुम्हाला सांगते, ज्या एका रेषेवर मी तीन आठवडे घातले, ती मामांनी अर्ध्या तासात 'दुरुस्त' केली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, मी आंघोळीला गेले तेवढ्यात.

रेष कसली ते आधी ऐका, नाहीतर तुम्हीही मामांच्याच बाजूने बोलाल. खूप लांब एक दीर्घिका आहे. तिच्या पोटात कृष्णविवर, ते भोवतालचा वायू गिळतं, आणि गिळता गिळता तो असा तापतो की केंद्र अतिनील किरणांत झगझगतं. ते किरण आपली हवा खाली येऊ देत नाही, म्हणून दुर्बीण अवकाशात. आता त्या उजेडाच्या वाटेत वायूचे ढग आले की ते ठरावीक किरण खातात, आणि आलेखाची रेष तिथे खाली आपटते. ढग दिसत नाहीत हो, खड्डे दिसतात. खड्डा म्हणजेच ढग. दुर्बिणीचे आकडे इंटरनेटवरून उतरवून मी तक्त्यावर हाताने सहाशे ठिपके मांडले, तेव्हा कुठे पाच खड्डे निघाले. पाच ढग, सेकंदाला हजारेक किलोमीटरने आपल्या दिशेने सुटलेले... आणि प्रदर्शनात निवड झाली तर आठवडाभर वेधशाळेत राहायचं, खऱ्या दुर्बिणीपाशी. कळलं ना, काय पणाला होतं?

आणि आमचे मामा. नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं रेघा मारलेला माणूस. त्यांना वाटलं, पोरीचा हात थरथरला. पाच वेळा! पांढऱ्या रंगाने खड्डे बुजवले, वळणदार पट्टी लावली आणि अशी रेष ओढली की माशी बसली तर घसरेल. आई म्हणाली, बघ, याला म्हणतात हात. खड्डा म्हणजेच ढग, हे अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. पण मी कोण, तर हजेरीला 'हजर' म्हटलं तरी बाईंना दोनदा विचारावं लागतं अशी. मी म्हटलं, छान झालंय.

परीक्षक बाई आल्या. तक्त्यावरचा 'पाच ढग' हा मथळा वाचला, रेष पाहिली, पुन्हा मथळा वाचला.

"यात ढग कुठे आहेत?"

मागे मामा, छाती काढून उभे. काय झालं मला कोण जाणे, मी बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि पाचही खड्डे तोंडपाठ काढले, खोलीसकट. "खड्डा म्हणजेच ढग," मी म्हटलं, आणि इतक्या मोठ्याने की पलीकडच्या टेबलावरचा ज्वालामुखीवाला मुलगा दचकला.

"मग आधी का नव्हते?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू तीस वर्षांचे नकाशे कुणी परत पाठवलेत. आता सांगा, काय बोलणार? आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, आणि त्यातून निघालं काय, तर "काढायचे राहिले."

शेरा आला: विषय उत्तम, निरीक्षणे आयत्या वेळी मनाने काढलेली दिसतात. वेधशाळेत ज्वालामुखीवाला गेला.

घरी येताना निम्म्या रस्त्यात मामा थांबले. मग माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेत हळूच म्हणाले, "चूक माझीच गं. पुढच्या वर्षी पहिल्यापासून मीच काढून देतो."

मी म्हटलं, बरं मामा.