गच्चीवरच्या झेंड्याचा निळा

प्रिंटरच्या रंगाचं नाव माझ्यासमोर काढू नका यार. चारकोपला आमच्या विहारातल्या जयंतीची पत्रिका मी वर्डमध्ये केली होती. वर निळ्या झेंड्याचा मोठा फोटो. स्क्रीनवर झकास दिसत होता. छापून आला तो जांभळा! समितीचे कांबळेकाका म्हणाले, "निळा सांगितला होता रे, हे वांगं कुठून आणलंस?"

मी परत प्रेसवर. प्रेसवाल्या सावंतनं हात वर केले. "स्क्रीनवरचा निळा कागदावर तसा येत नाही रे." दोनदा बदलून बघितला. एकदा काळपट आला, एकदा हिरवट. जयंती परवावर आलेली, माझी पार वाट लागली होती. शेवटी सावंतच वैतागला. "तू खरा झेंडाच घेऊन ये ना. त्याच्याशी जुळवतो."

मी विहाराच्या गच्चीवरचा झेंडा उतरवून नेला. सावंतनं तो शेजारी ठेवून, भिंग लावून दुपारभर रंग जुळवला. काय जुळला म्हणून सांगू! कागद कुठला आणि कापड कुठलं, कळेना. मी तिथल्या तिथे सगळ्या पत्रिका छापून घेतल्या.

काकांनी गठ्ठा उघडला आणि बघतच राहिले.

"काका, झेंड्याशी जुळवून आणलाय. अगदी हुबेहूब."

"कुठल्या झेंड्याशी?"

"आपल्या, गच्चीवरच्या."

काकांनी गठ्ठा परत माझ्या हातात दिला. "अरे, तो उन्हानं विटला म्हणून तर नवीन शिवायला टाकलाय ना!"