जिथून देऊळ दिसतं

एलिहियो : नाही म्हणजे नाही. जुन्या माया देवळाच्या चौथऱ्यावर लग्नाचे फोटो काढायचे नाहीत. मामानं तिथं तीस वर्षं पहारा दिला म्हणून भाचीला वेगळा कायदा नाही, फिदेलिया.

फिदेलिया : मामा, चौथऱ्याचं नाव तरी काढलं का मी? किनाऱ्यावरची जागा विचारतेय. कुणाचा अपमान होणार नाही अशी.

एलिहियो : दोन वर्षांनी मामा आठवला. तोही असा, गाड्या लावायच्या मैदानात.

नोएमी : काका, हट्ट माझा आहे. शनिवारी लग्नही माझंच. मी नोएमी, कानकुनची.

एलिहियो : कानकुनचं कुणी नसतं, पोरी. तिथं सगळे कुठून तरी गेलेले. तुझी माणसं कुठली?

नोएमी : आई इथलीच. चुन्याच्या भट्टीजवळ घर होतं. सेनोबिया तुयुब.

एलिहियो : सेनोबिया! अगं, खेकडे धरायला आमच्या पुढे असायची ती. कशी आहे?

नोएमी : हॉटेलात खोल्या आवरून आवरून गुडघे गेलेत. बावीस वर्षांत इकडं फिरकली नाही. घर विकून गेलो, आता कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणते. लग्नाच्या निमित्तानं येतेय. फोटोत मागे देऊळ दिसू दे, एवढंच मागितलंय तिनं.

एलिहियो : एवढंच, म्हणे. चला. चपला हातात घ्या.

(तिघं किनाऱ्यानं चालू लागतात.)

फिदेलिया : इथं बघ, मामा. खाली पांढरी वाळू, वर कडा, कड्यावर देऊळ. उजेडही छान.

एलिहियो : आणि वाळूत रोवलेल्या काठ्या? त्या नाही दिसल्या? कासवांनी अंडी घातलीत. तुमचे पाहुणे नाचणार कुणाच्या डोक्यावर?

नोएमी : नको, नको. इथं नको.

फिदेलिया : मग ती कड्याखालची कपार?

एलिहियो : तिथं पेरणीआधी लोक मक्याचं पेय ठेवतात, मेणबत्त्या लावतात. दुसऱ्याच्या देवघरात शिरून ओढणी उडवायची का?

नोएमी : काका, हा राग माझ्यावरचा नाही ना?

एलिहियो : फोटोवालीला विचार.

फिदेलिया : सांगते. दोन वर्षांपूर्वी एका जोडप्याला मी देवळात दोरीपलीकडे नेलं. दोनच मिनिटं, म्हटलं. नवरीची टाच भिंतीला लागली आणि गिलाव्याचा तुकडा खाली आला. त्यावर लाल रंगात कुणाच्या तरी हाताचा ठसा होता. शेकडो वर्षांपूर्वीचा. त्याचा चुरा झाला. मामानं साहेबांना सांगितलं, मला डुलकी लागली होती, कोण आलं ते पाहिलं नाही.

नोएमी : म्हणून ते आता मैदानात?

फिदेलिया : म्हणून. आणि मी गप्प.

एलिहियो : गप्प बस, असं मीच सांगितलं होतं. त्याचा राग नाही. पण घरी यायची का बंद झालीस? तुझी मामी रविवारी तुझं ताट वाढून ठेवायची. मग मीच म्हटलं, नको वाढू.

फिदेलिया : तुझ्याकडे बघवत नव्हतं रे, मामा. या सोमवारी साहेबांच्या कार्यालयात जाऊन सगळं लिहून दिलं. माझ्या नावानिशी. तू जागा होतास, हेही.

एलिहियो : वेडी की काय तू? बंदी घालतील. धंदा बुडेल तुझा.

फिदेलिया : बुडू दे. पोहता येतं मला.

एलिहियो : येणारच. शिकवलं कुणी!

नोएमी : हसलात, काका. पहिल्यांदाच.

एलिहियो : तोंडात वाळू गेली. या, इकडून या. ते कुजकं शेवाळ चुकवा, पाय घसरेल. हं. हा कोळ्यांचा जुना धक्का. आजोबा सांगायचे, जुन्या लोकांच्या होड्या इथंच लागायच्या. आता वळून बघा.

नोएमी : अगंबाई... देऊळ अंगठ्याएवढं दिसतंय. पण सगळंच्या सगळं!

एलिहियो : त्याच्यावर चढलं की ते दिसतच नाही. तुम्हीच दिसता. इथं आईची खुर्ची ठेव. गुडघ्यांची काळजी नको, कोळी उचलून आणतील.

नोएमी : कुणी तिला काही बोलणार नाही ना? गेली ती गेलीच, म्हणून?

एलिहियो : बोलतील तर. इतकी वर्षं होतीस कुठं, म्हणतील, आणि जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.

फिदेलिया : नोएमी, हीच जागा. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत.

नोएमी : थांब. आई म्हणाली होती, जागेचा न दिसणारा राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय काही करू नकोस. पण मला आपली माया भाषा येत नाही. आईनं घरात कधी बोलूच दिली नाही.

एलिहियो : तुला येत असेल त्या भाषेत विचार. नाव सांग, कुणाची ते सांग. मोठ्यानं, लाटा आहेत.

नोएमी : मी नोएमी! सेनोबियाची मुलगी! शनिवारी विल्बर्थशी लग्न करतेय. आम्ही इथं थोडा वेळ उभे राहू का?

एलिहियो : बास. झालं. आता तू, फिदेलिया.

फिदेलिया : मी कशाला? माझं कुठं लग्न आहे?

एलिहियो : दोन वर्षं इथं पाऊल टाकलं नाहीस. सांग राखणदाराला.

फिदेलिया : मी... मी फिदेलिया. एलिहियोची भाची.