दंडात नाही रे, दादा!

हॅलो?… हो दादा, मीच. तिसऱ्या मजल्यावर दुसरं कोण राहतं?… नाही, रडत नाहीये… चिडलेय. पण थांबले ते त्यासाठी नाही… श्वास घेतेय. दोन वाक्यं बोलले की घ्यावा लागतो आता.

हो, हो… एकशेवीस-ऐंशी. माहीत आहे. सकाळी तूच दंडाला पट्टा आवळलास आणि ‘नाटकं आहेत नुसती!’ असं ओरडत जिना उतरलास… अरे, ऐक ना! तू मोजलंस ते दंडाचं प्रेशर. माझं वाढलंय फुप्फुसातलं… असतं! वेगळं असतं! तुझ्या यंत्राला ते कळत नाही… मग काय, यंत्र नाकात घालणार?

बरं, तुला कळेल असं सांगते. एवढे कोट शिवतोस ना? बाही घे… बाहेरून तेवढीच, पण आत अस्तरावर अस्तर चढवत गेलास तर?… हं. हात शिरेल का?… तशाच झाल्यात फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या. भिंती जाड, ताठ… थांब… आतली वाट अरुंद. त्यातून रक्त रेटून रेटून हृदयाची उजवी बाजू फुगलीय. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली… उसवून कसं शिवणार? हृदय आहे, कोट नाही!

गोळ्या चालू आहेत. जिना मात्र बंद म्हणालेत… परवा चढताना डोळ्यांपुढे अंधार आला. कठडा हाताला लागला म्हणून आज तुझ्याशी भांडतेय. तळमजल्याची खोली दे मला… तिथे तुझी व्यायामाची सायकल आहे? वहिनी टॉवेल वाळत घालते तिच्यावर! तू शेवटचा कधी बसलास?… फोटोपुरता बसलास, ते नको सांगूस.

काय? पुन्हा मोजायला येतोयस?… ये की. ये. फोन चालूच ठेव.

हॅलो?… दादा? हा आवाज कसला?… धापा टाकतोयस? कुठे पोचलास?… पहिल्याच मजल्यावर! बस, पायरीवर बस… नाही रे, तुला माझा आजार नाही झाला. तुझं पोट आहे ते… पण कसं वाटतं, कळलं ना? बोलू नकोस. खोली देतोस का, एवढंच. नुसती मान हलव…

अरे, फोनवर मान दिसते का! थांब, दार उघडते. वरून वाकून बघते… हं, दिसलास. हलव आता…

आडवी नाही, दादा… उभी. उभी हलव…

हं. ठेव फोन.